पहिली मूठ

रशीद सर गेल्याची बातमी नांदगाव खंडेश्वरच्या भाऊरावांनी फोनवर दिली. "सर गेले जी," एवढंच ते म्हणाले. अमरावतीच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारे सर आणि पाच एकर कपाशीचे भाऊराव, यांची गाठ वार्ताहर म्हणून मीच घालून दिली होती.

कपाशीने लोकांना टेकीला आणलेली ती वर्षं. बियांपासून डिझेल निघतं, अशी चर्चा गावोगाव होती. सर बांधावरच्या रानगुलाबाच्या मागे लागले. काड्या जाळून राख तोलायची, फळांतल्या बियांचं तेल काढायचं, सगळं वहीत नोंदवायचं. पहिल्याच तपासणीत तेल अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. भाऊरावांनी कपाशी मोडून पाचही एकरांत गुलाब लावायचं ठरवलं. माझी बातमी लिहून तयार होती.

"थांबा बाप्पा," सर म्हणाले, "हा आकडा मले लयच गोड लागून राहिला."

बिया त्यांनी अकोल्यात, जुन्या शहरातल्या आपल्या घराजवळच्या चक्कीवर दळल्या होत्या. त्याआधी तिथे कुणाची तरी गुरांसाठी तेलकट सरकी भरडलेली. चक्कीवाले गफ्फारचाचा रिवाजाप्रमाणे पिठाची पहिली मूठ टाकून द्यायला निघाले, तर सरांनी त्यांचा हात धरला. काटे टोचून घेत वेचलेल्या बिया... एक मूठ तरी कशी सोडायची? त्या मुठीबरोबर दगडांत अडकलेली सरकीही तपासणीत गेली.

सर पुन्हा बिया घेऊन गेले आणि झालेली चूक सांगितली, तेव्हा चाचा हसले. "प्रोफेसर साब, इतना तो हमारी चक्की भी जानती है." या वेळी पहिली मूठ वेगळी निघाली. उरलेल्या पिठातून तेल जेमतेम निघालं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बसने नांदगावला गेलो. सर वावरातच उभे राहून बोलले, "भाऊराव, चूक माही हाय. गुलाब बांधावरच राहू द्या."

"आता सांगून राहिले? परवा ट्रॅक्टर येनार होता इथं!"

"म्हनून तं आज आलो."

परतीच्या बसमध्ये सर अमरावतीपर्यंत गाढ झोपले. मी बातमी फाडली. दोघांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं होतं.

गेल्या आठवड्यात भाऊराव आणि मी सरांच्या खोलीत गेलो. टेबलावर ती वेगळी काढलेली भुकटी अजून बाटलीत आहे, वर सरांच्या अक्षरात चिठ्ठी : 'पहिली मूठ'. भाऊरावांनी बाटली उजेडात धरली.

"माहं वावर गेलं असतं जी याच्यात," ते म्हणाले, आणि बाटली होती तिथेच ठेवली.