आग खरी, लावणारा कथित

वर्तमानपत्राच्या डेस्कवर बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, किस्से मात्र साचत राहतात. आमच्या अमरावतीच्या ऑफिसातले निम्मे किस्से एकाच शब्दाचे आहेत: 'कथित'. आणि ते सगळे वानखडे मॅडमचे. मॅडम अकोल्याच्या, आमच्या डेस्कच्या प्रमुख.

नव्या निखिलनं पहिल्याच बातमीत लिहिलं, 'गोदामाला कथित आग'.

मॅडम म्हणाल्या, "तू पाहून आला ना बे?"

"हो मॅडम. धुरानं डोळे चुरचुरून राहिले अजून!"

"मग आग कथित काहून? आग खरी. लावली कोणं, ते कथित!"

पत्रकारितेच्या दोन वर्षांच्या कोर्सात मला हे इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं.

*

एका पुढाऱ्याच्या माणसाचा मॅडमना फोन आला. "भाऊच्या सभेले मैदान तुडुंब होतं, तसंच छापा."

"छापतो ना. 'तुडुंब असल्याचा कार्यकर्त्यांचा दावा.' खाली आमच्या फोटोग्राफरचा फोटोही लावतो."

"...बातमी राहू द्या मॅडम!"

*

वरूडच्या वार्ताहरानं संत्री आणली. "साखर आहे मॅडम, साखर!" मॅडमनी एक फोड तोंडात टाकली, डोळे गच्च मिटले आणि म्हणाल्या, "कथित!"

*

एका कोचिंग क्लासमधले लॅपटॉप चोरीला गेले. पोलिसांनी वॉचमन सुखदेवभाऊंना उचललं. सगळीकडे मथळा एकच, 'चोर जेरबंद'. आमच्याकडे 'कथित चोर'.

ठाण्यातून फोन आला, "मॅडम, त्यानं कबूल केलं!"

"कोर्टात केलं का?"

"नाही..."

"मग शब्द राहीन."

आमचे मालकही चिडले. मॅडम हलल्या नाहीत. त्या दिवशी त्यांच्या डेस्कवर काम करतो, याचा मला फार अभिमान वाटला.

आठ दिवसांत खरा चोर लॅपटॉपसकट सापडला. सुखदेवभाऊ सुटले, आणि बडनेरा ठाण्यातून थेट ऑफिसात आले. खिशातून आमच्या बातमीचं कात्रण काढलं.

"पोरीनं कोठडीत आणून देलं होतं हे. मले वाटलं, कथित म्हंजे चोराहून मोठी शिवी! दोन दिवस अन्नपाणी गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरगी शाळेतून अर्थ लिवून घेऊन आली."

मॅडमनी विचारलं, "मग?"

"मग जेवलो, मॅडम."