नमुन्यात लागलेलं लग्न

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. हे सांगायला मला कधी संकोच वाटला नाही. सिनेमावाल्यांनी नवरदेव म्हणून मला उभं केलं तेही माझ्या बी. ए.मुळेच, असं मी त्या वेळी धरून चाललो होतो.

लढाईचे दिवस होते. कर्जतजवळच्या आमच्या गावात एक कंपनी लग्नाचा देखावा टिपायला आली. ऐनवेळी त्यांचा नायक काही आला नाही. मॅनेजर म्हणाला, "लांबून घ्यायचंय, नुसती पाठ दिसेल. ताठ उभा राहील असा कोणी द्या." गावाने मला पुढे केलं. मुंडावळ्या बांधल्या, अंतरपाट धरला, पलीकडे कंपनीतली एक मुलगी उभी राहिली.

अक्षता म्हणून कंपनीने कागदाचे तुकडे आणले होते. ते बघून माझी काकू म्हणाली, "लग्नात कागूद टाकतात व्हय रं?" तिने घरातून तांदूळ आणले, कुंकू लावलं आणि मांडवभर वाटले. भटजीही गावचेच, खरे. मॅनेजर "बस, बस" म्हणत राहिला, तरी त्यांनी मंगलाष्टकं पुरी म्हटली. अर्धी सोडायची पद्धत नाही म्हणाले. दर "सावधान"ला सगळा गाव अक्षता टाकत होता. एक दाणा डोळ्यात गेला आणि मी मान मागे वळवली.

अडचण एवढीच की साजगावला माझी सुपारी फुटली होती. तिथली मुलगी मला मनापासून आवडली होती.

पुढे नेरळच्या तंबूत त्या बोलपटाचा नमुना दाखवला. ट्रेलर हा शब्द तेव्हा आमच्याकडे नव्हता. माझे होणारे सासरे कामानिमित्त नेरळला गेले होते, त्यांनी तो पाहिला आणि मला ओळखलं. तिथून ते थेट आमच्या ओटीवर आले. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुमच्या पोराचं लगीन झालंय, आमाला सांगितलं नाय तुमी."

"सोंग व्हतं ते, पावनं," वडील म्हणाले.

"भट सोंगाचा व्हता? का तांदूळ सोंगाचं?"

भटही खरा होता, तांदूळही.

उठता उठता सासरे म्हणाले, "आता जत्रंत आख्खा बोलपट येनार हाय. आमची भावकी बगनार. त्यात तुमचं लगीन लागलं तर आमी दुसरीकडं बगतो."

साजगावच्या जत्रेत तंबूत मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसलो. मध्ये एवढी जागा सोडली होती की आणखी एक माणूस बसला असता. पडद्यावर सनई वाजली, मांडव दिसला, आणि मी खाली बघायला लागलो. मान वर केली तर नायक आगगाडीत बसलेला.

"लगीन कुठं गेलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"कापलं वाटतं."

खेळ सुटल्यावर ते भावकीकडे वळून म्हणाले, "कंपनीनं लावलं, कंपनीनंच मोडलं. आपल्याला त्याचं काय?" मग भजी घेतली आणि द्रोण माझ्यापुढे धरला. त्या भजीची चव मला अजून आठवते.

बस्ता बांधायला मुंबईला गेलो तेव्हा मुद्दाम त्या मॅनेजरला गाठून विचारलं, लग्न का कापलं. तो हसला. नमुना आधीच तयार करतात, म्हणाला. चित्रपट पुरा व्हायचा असतो, तेव्हा हाताशी असलेल्या तुकड्यांतले उठावदार निवडायचे आणि गावोगाव पाठवायचे. खरी काटछाट नंतर. त्यात लढाईमुळे फिल्मचा तुटवडा. सरकारने लांबी बांधून दिलेली. ज्याच्यावाचून गोष्ट अडत नाही ते पहिलं जातं.

"शिवाय तुम्ही मागे वळून बघितलंत," तो म्हणाला. "नमुन्यात ते झटकन निघून जातं. चित्रपटात लोकांनी विचारलं असतं, नवरा बदलला कसा?"

म्हणजे माझ्या तोंडामुळेच मी वाचलो. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू. पण जिना उतरताना अंग हलकं झालं होतं.

आमच्या लग्नात काकूने मूठ भरभरून अक्षता टाकल्या. दोन दाणे डोळ्यात गेले, पाणी आलं. मी मान वळवली नाही.