पुढच्या जनरेशनची वाट बघताना

गेली काही वर्षं मी ज्या कॉम्प्युटरवर काम करत होते, तो सुरू करून मी कणीक भिजवायला जायचे. कणीक भिजवून, झाकून, हात पुसत परत यावं, तेव्हा कुठे ड्रॉइंग उघडलेलं असायचं. रायपूरच्या अलीकडे असलेल्या रसमड्याच्या कारखान्यांसाठी मी घरूनच लोखंडी शेडची ड्रॉइंगं काढते. कुठल्या खांबाला किती जाडीची प्लेट, तिला बोल्टची भोकं कुठे, असलं सगळं. लग्नाआधी नागपूरला ड्राफ्ट्समनचा आयटीआय केला होता, तो इथे रुआबांध्याच्या वस्तीतल्या या दोन खोल्यांत कामी आला.

मिस्टर इथल्या पोलादाच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट सेक्शनला आहेत. आळीपाळीनं तिन्ही शिफ्ट करतात. नातेवाइकांत कुणालाही कॉम्प्युटर घ्यायचा असला की फोन यांनाच येतो, आणि हे प्रत्येकाला बरोबर जाऊन घेऊन देतात. माझा तेवढा राहिला.

पहिल्यांदा मी विषय काढला तेव्हा म्हणाले, दिवाळीनंतर नवे प्रोसेसर येताहेत, दोन महिने थांब. ते आले. तोवर कळलं की त्यांना रॅमही नव्या जातीची लागते, आणि ती अजून महाग आहे. ती उतरली. मग बातमी आली की आता सॉकेटच बदलणार, म्हणजे आज घेतलेल्या बोर्डावर उद्याचा प्रोसेसर बसायचाच नाही. मग नव्या सॉकेटची वाट. तो आला, तर यांच्या मनासारखा निघाला नाही. खरी उडी म्हणे त्याच्या पुढच्या पिढीत होती. फर्स्ट शिफ्ट करून आले की जेवायचे, आडवे व्हायचे आणि मोबाइलवर हेच बघायचे. कुठेतरी कोणीतरी न आलेल्या प्रोसेसरचे आकडे वाचून दाखवत असायचा. त्या आवाजावर मी खूपदा भांडी घासली आहेत.

मी भांडले नाही असं नाही. पण भांडायलाही अंगात काहीतरी लागतं. दिवसभर एक रेघ ओढायची आणि ती उमटायची वाट बघायची, यातच माझा जीव निम्मा व्हायचा.

गेल्या उन्हाळ्यात रसमड्याच्या एका कारखान्याचं काम आलं. कन्व्हेयर गॅलरीचं, म्हणजे माल नेणाऱ्या पट्ट्याच्या उंच पुलाचं होतं, आणि आता नुसती ड्रॉइंगं नाही, तर अख्खं थ्री-डी मॉडेल उघडून त्यातून प्लेटा काढायच्या होत्या. माझ्या मशीनवर ते मॉडेल उघडलंच नाही. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा स्क्रीन पांढरी होऊन थांबली. शेवटी तिथल्या इंजिनिअरला फोन करून विचारलं, तुमच्याकडे येऊन बसू का. तो हो म्हणाला.

चार दिवस मी स्कूटीनं रसमड्याला गेले. मे महिना, तोंडाला ओढणी बांधलेली, पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर. त्यांनी मला स्टोअरच्या बाजूच्या खोलीत एक मशीन दिलं. तिथे मॉडेल झटकन उघडायचं. पहिल्या दिवशी मी ते नुसतं फिरवून बघत राहिले. चौथ्या दिवशी काम संपलं. तो इंजिनिअर मला पाण्याची बाटली देत फार अदबीनं म्हणाला, "मॅडम, अगला काम हम रायपुर भेज देंगे। आपको इतनी धूप में आना पड़ता है, अच्छा नहीं लगता।"

त्यानं काही वाईट म्हटलं नव्हतं. घरी येऊन मी यांना सांगितलं. यांनी ऐकून घेतलं. म्हणाले की वर्षअखेरीस भाव पडतील, तेव्हा एकदाच चांगलं घेऊन टाकू.

वर्षअखेरीस भाव पडले नाहीत. रॅमचे तर असे चढले की दुकानदार सकाळचा भाव संध्याकाळी देईना. हे म्हणाले, ही तात्पुरती टंचाई आहे, उतरेल.  दुसऱ्या दिवशी हे शिफ्टला गेल्यावर स्कूटी काढली आणि हुडकोच्या बाजारात कॉम्प्युटरच्या दुकानात गेले.

यांचं नाव सांगितलं, तर दुकानदार यांना चांगला ओळखत होता. भाईसाहब दर पंधरा दिवसांनी येतात, म्हणाला, आणि ड्रॉवरमधून कागदांची चळत काढली. सगळ्यांवर यांचं अक्षर. प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एकाखाली एक, आणि काट मारून पुन्हा नवं. प्रत्येक कागदावर वर लिहिलेलं होतं: ड्रॉइंग के काम के लिए. मी उभ्याउभ्या ते चाळले. राग निघून गेला असं झालं नाही. पण तो कुठे ठेवावा ते कळेना.

दुकानात जुन्या जातीची रॅम शिल्लक होती आणि तिच्याबरोबर चालणारा मागच्या पिढीचा प्रोसेसर. दुकानदारानं प्रामाणिकपणे सांगितलं की या बोर्डावर पुढे काही वाढवता येणार नाही. मी म्हटलं, चालेल, आजच जोडून द्या.

हे तीन वाजता आले. टेबलावरचं नवं कॅबिनेट बघितलं, हात धुतले, जेवले. मग स्क्रू ड्रायव्हर आणून बाजूचा पत्रा उघडला आणि बराच वेळ आत बघत बसले. एक वायर नीट वळवून बांधली.

"बरं हाय," म्हणाले. "पन हा सॉकेट आता बंद होऊन राहिला."

"मी थकली आता," मी म्हटलं. "थांबून थांबून थकली. तुमी सगळ्यायले घेऊन देल्लं. मले कावून थांबवून ठेवलं?"

त्यांनी पत्रा परत लावला. स्क्रू एकेक करून आवळले. 

"दुसऱ्यायचं घेताना चूक झाली त चालते," ते म्हणाले. "तुह्यासाठी चुकीचं घ्याची हिंमत नाही झाली." आणि मग माझ्याकडे न बघता, "अन खरं सांगू का? प्लांटातून येतो, त मले पुढं दुसरं काही येनार दिसत नाही. हे तरी येत राहते."

वीस वर्षांत हा माणूस स्वतःबद्दल इतकं बोलला नव्हता. मी चहा ठेवला. तेवढंच करता आलं.

रायपूरला गेलेलं काम परत आलं नाही. लहान शेडची कामं येतात, आणि ड्रॉइंग आता लगेच उघडतं. कणीक मी स्वयंपाकाच्या वेळी भिजवते. काम लवकर आटोपतं, तरी संध्याकाळी खांदे तसेच दुखतात. तो शीण मशीनचा नव्हता, यांच्यासारखाच रोजच्या त्याच त्या दिवसांचा होता, हे मला उशिरा कळलं.

त्यानंतर यांनी घरात प्रोसेसरचं नाव काढलं नाही. कानात इअरफोन घालून बघायचे. महिनाभर ते चाललं. मग एका दुपारी मीच विचारलं, आता पुढं काय येऊन राहिलं? त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मी चिडवते आहे का म्हणून. मग उठून बसले आणि सांगायला लागले. पुढची पिढी, तिचे कोअर, तिची मेमरी. मी पाय पसरून भिंतीला टेकले होते. अर्धं ऐकलं, अर्ध्यात डोळा लागला.