साडूंच्या अँपमधला घूं

स्क्रू असलेली एकही वस्तू माझ्या साडूंच्या हातून धड सुटलेली नाही. चंद्रपुरात बाकीचे लोक शर्टाच्या खिशाला पेन लावतात, साडू टेस्टर लावतात. कोणाच्याही घरी गेले की पाण्याचा पेला समोर येण्याआधी त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते, आणि ते व्यवस्थित चालू असेल तर त्यांना जरा वाईटच वाटतं. माझ्या लग्नानंतर ते पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आमची दारावरची बेल ठणठणीत वाजत होती. ते गेले त्या दिवसापासून ती फक्त दार उघडं असलं तरच वाजते. "बिघडली नाई ते," असं ते अजूनही सांगतात, "सुधारली हाय. तुमाले आदत लागली नाई अजून."

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे, यजमान. कोळशाच्या खाणीत इलेक्ट्रिशियन आहेत, पण तिथे दिवसभर वायरी हाताळून त्यांचं पोट भरत नाही, म्हणून घरी येऊन ते गिटारीच्या मागे लागतात. गिटार वाजवतात बरी. खरा जीव मात्र वाजवण्याच्या आधीच्या खटपटीत. उन्हाळ्यात त्यांच्या घरातला कूलर गिटारकडे तोंड करून असतो आणि घरची माणसं घाम पुसत बसतात. एका मे महिन्यात त्या ओल्या वाऱ्यानं गिटारीचं लाकूड असं फुगलं की तिच्या तारा दाबायला दोन्ही हात लागायला लागले. तार छेडायच्या पिका ते जुनी प्लास्टिकची कार्डं कापून करतात, आणि एकदा या कापाकापीत ताईंचं चालू एटीएम कार्ड गेलं. गिटारीचा आवाज फाडून खरखरीत करणारा एक पेडल त्यांनी जेवणाच्या स्टीलच्या डब्यात बसवला होता. दोन्ही डबे दिसायला सारखे. एके दिवशी खाणीत जेवायच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला तर आत वायरी, आणि इकडे आम्ही बँडच्या प्रॅक्टिसला डबा उघडला तर भेंडीची भाजी. आम्ही ती खाल्ली. ताईंनी त्यानंतर महिनाभर डबा दिला नाही.

या ताईच आमच्या बँडच्या गायिका. रविवारी सकाळी वॉर्डातल्या विहाराच्या हॉलमध्ये आमचा बँड बसतो. साडूंची गिटार, माझी ढोलक, कोरसला शाळेतले दोन मास्तर. पण लोक बोलावतात ते ताईंसाठी. जयंतीच्या गाण्याआधी त्या एक शेर म्हणतात. चार ओळी एकटीनं, वाद्यांशिवाय, आणि चौथी ओळ संपली की गिटार आणि ढोलक एकदम आत येतात. त्या क्षणी गिटार आणि ताईंचा आवाज असे नेमके भेटायचे की मी इतकी वर्षं ढोलक बडवूनही दर वेळी माझ्या अंगावर काटा यायचा.

साडूंना मात्र त्या चार ओळींत फक्त घूं ऐकू यायचा. त्यांचा अँप्लिफायर घरगुती. जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर, भंगारातला स्पीकर, वर खोकं फळ्यांचं. बटण दाबलं की त्यातून एक बारीक, न थांबणारा घूं निघायचा. "हिच्या आवाजात कचरा येऊन राह्यला," म्हणत ते आठ वर्षं त्याच्या मागे होते. वायरी बदलल्या, प्लग बदलले, अँप भिंतीपासून लांब नेला, उलटा ठेवला. बायकोच्या आवाजावर एवढं प्रेम करणारा आणि त्यापायी एवढा घरभर पसारा करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

आणि या वर्षी जयंतीच्या महिनाभर आधी त्यांनी तो घालवला. ट्रान्सफॉर्मर तेलाच्या पत्र्याच्या डब्यात बंद केला, वायरींना चांदीचा कागद गुंडाळला. रविवारी हॉलमध्ये त्यांनी आम्हाला पंखे बंद करायला लावले, अँप सुरू केला आणि आम्हा सगळ्यांना शांतता ऐकवली. मास्तरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

मग ताईंनी शेर म्हटला, चौथी ओळ संपली, आम्ही आत शिरलो, आणि गिटार एकीकडे, ताई दुसरीकडे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. साडूंनी तार छेडून सूर दिला, तर तारेचा आवाज विरला आणि तिसऱ्या ओळीपर्यंत ताई घसरल्या. पुढच्या रविवारीही तसंच झालं. ताईंनी गाण्यांची वही रुमालात बांधली आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "माहा कानच गेला आता. राजुऱ्याचा कार्यक्रम कबूल केला हाय, तेवढा गाईन. मंग तुमी दुसरी कोणी पाहा."

साडू त्या दिवशी अँपचे स्क्रू न आवळताच घरी गेले. मला भीती वाटली. ताई लग्नाआधीपासून गातात, त्या गायच्या थांबल्या तर त्या घरात नुसत्या वायरी उरतील, असं वाटलं.

त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. ताई स्वयंपाकघरात तांदूळ निवडत शेर गुणगुणत होत्या आणि साडू चहा घेत नुसते बसले होते. ताईंचा सूर अगदी नेमका लागला होता. मागे फ्रिज घूं करत होता. फ्रिजचा घूं आपोआप थांबला, आणि दोन ओळींत ताई घसरल्या. साडूंनी कप खाली ठेवला, फ्रिजचं दार उघडलं आणि गरम हवा आत शिरून तो पुन्हा सुरू होईपर्यंत दारापाशी उभे राहिले.

"काऊन उघडा ठेवला जी? दूध नासन."

"नासू दे. तू गाय."

फ्रिज सुरू झाला. ताई गायल्या आणि जागच्या जागी आल्या. साडूंनी मला अंगणात नेलं. वीज तीच, म्हणून फ्रिजमधला घूं आणि अँपमधला घूं एकच, हे त्यांनी मला दोनदा समजावलं. गिटारही आपण नकळत त्याच्यावरच लावत होतो, हेही सांगितलं. मग पायरीवर बसले. "आठ वर्षं मी जे काढून राह्यलो होतो ना भाऊ, त्याच्यावरच ही गाऊन राह्यली होती."

आता घूं परत आणायचा होता, आणि तो येईना. जन्मभर न मागता वस्तू बिघडवणाऱ्या माणसाला हवं तेव्हा एक अँप बिघडवता येईना. पत्र्याचा डबा काढला, चांदीचा कागद सोलला, तरी अँप ढिम्म. अखेर शनिवारी त्यांनी माळ्यावरून जुनी वायर शोधून लावली आणि मला फोन केला. फोन नुसता अँपसमोर धरला. तो घूं ऐकून मला इतकं हायसं वाटलं की मी घरातल्या सगळ्यांना एकेक करून तो ऐकवला.

राजुऱ्याला मांडवात सगळं लावून झालं, तर साउंडवाला धावत स्टेजवर आला. "भाऊ, तुमच्या लाइनीत घूं-घूं हम येऊन राह्यला. काढून देऊ काय?"

"हात नको लावू," साडू म्हणाले. "तो आपला माणूस हाय."

ताईंनी चार ओळी म्हटल्या. चौथी संपली, आम्ही आत शिरलो आणि सगळं एकमेकांना भेटलं. ढोलकवर माझे दोन ठेके चुकले, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. परतताना गाडीत ताई म्हणाल्या, आठवडाभर केलेल्या हळदीच्या गुळण्यांनी गुण आला. साडूंनी मान डोलावली. खरं कारण त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, आणि मलाही सांगू दिलेलं नाही.

आता अँपला ते हात लावत नाहीत. टेस्टर खिशाला असतो, पण अँपपाशी आला की हात मागे जातो. गेल्या रविवारी ताई शेराच्या दुसऱ्या ओळीवर असताना लाईट गेली. पंखे थांबले, माईक गेला, घूं गेला. ताई क्षणभर अडखळल्या. आणि जे साडू वंदनेतसुद्धा फक्त ओठ हलवतात, ते गिटार मांडीवर घेऊन, तोंड मिटून हळूच तोच घूं धरून घुमायला लागले.

"काय झालं जी?" ताईंनी विचारलं.

"कफ," साडू म्हणाले आणि पुन्हा घुमायला लागले. ताईंनी त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, डोळे मिटले आणि पहिल्या ओळीपासून शेर धरला. चौथ्या ओळीला लाईट आली, अँप सुरू झाला, आम्हीही सुरू झालो. साडू आणखी थोडा वेळ घुमतच होते.