समतोलाच्या पाच अटी

एकच टॉपिक वीस वर्षं शिकवला की तो तोंडपाठ होतो, पण त्याच्याभोवती साचलेले किस्से काही डोक्यातून जात नाहीत. माझा टॉपिक जनुकीय समतोल. एखाद्या लोकसंख्येतली जनुकं पिढ्यान्‌पिढ्या त्याच प्रमाणात टिकायची तर पाच अटी: लोकसंख्या भरपूर मोठी हवी, कोणी बाहेर जायचं नाही की आत यायचं नाही, जनुकांत बदल नको, निसर्गाची निवड नको, आणि जोड्या जमायच्या त्या निव्वळ योगायोगाने!

नांदेडच्या कॉलेजात पहिल्यांदा हे फळ्यावर लिहिलं, तर हिमायतनगरचा एक पोरगा उठला.

“मॅडम, अशी लोकसंख्या कुठं हाय?”

“कुठंच नाही.”

“मग शिकवून का राहिल्या?”

“परीक्षेला येतं म्हणून!”

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. खरं उत्तर तेवढंच होतं.

*

पुढे लातूरला आले. प्रोजेक्ट दिला: आपापल्या गावात जाऊन कानाची पाळी मोकळी किती जणांची, चिकटलेली किती जणांची, मोजून आणा. तीन पिढ्या हव्यात. एका मुलीने कागद आणला, त्यावर सगळी म्हातारीच माणसं.

“अगं, तरणी माणसं कुठंयत?”

“पुण्याला.”

“आणि लेकरं?”

“तीबी तिकडंच, आईबापासंगं. मॅडम, पुढची पिढी पाहिजे असंल तर पुण्याचं तिकीट काढावं लागंल!”

मी तिला पैकीच्या पैकी मार्क दिले. दुसरं काय देणार?

*

प्रॅक्टिकलला पिशवीत तूर आणि हरभरा मिसळायचा, डोळे मिटून दोन-दोन दाणे काढायचे. योगायोगाच्या जोड्या! मागून कोणीतरी ओरडलं, “मॅडम, तूर-हरभरा एका जोडीत? घरी कळलं तर तोडतेल!” लॅब दणाणली.

त्याच वर्गातली एक मुलगी दुसऱ्या जातीच्या मुलाबरोबर बसस्टँडवर दिसली. आठवड्यात तिचे वडील दाखला काढायला हजर. क्लार्कने विचारलं, “कॉलेज सोडायचं कारण काय लिहू?”

“लग्न झालं म्हणून लिहा.”

“कुणाशी?”

“ते ठरायचंय अजून.”

*

वैशाली माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, शिरूर अनंतपाळची. तिच्या भावाला थॅलेसेमिया. दर महिन्याला रक्त चढवावं लागायचं. वडिलांनी वैशालीचं लग्न आत्याच्या मुलाशी ठरवलं. ती रडत माझ्याकडे आली. “मॅडम, तुम्ही सांगितलं तर ऐकतील.”

एस.टी.ने गेले. तिच्या वडिलांसमोर, दादारावांसमोर, आईबापांची जनुकं लेकरांत कशी वाटली जातात त्याचा चौकोन वहीत काढून दाखवला. म्हटलं, “वाहक माणसात आजाराचं जनुक लपलेलं असतं, दिसायला तो ठणठणीत असतो. पण नवरा-बायको दोघं वाहक निघाले, तर लेकरू तुमच्या मुलासारखं आजारी होऊ शकतं. आधी दोघांचं रक्त तपासा.”

दादारावांनी चौकोनावरून बोट फिरवलं. “बहिणीला शब्द दिलाय, मॅडम,” म्हणाले. मग हळूच, “पण तपासू.”

महिन्याने स्टाफरूममध्ये त्यांचा फोन आला.

“मॅडम, दोघंबी वाहक निघाले. सोयरीक मोडली. लई उपकार झाले तुमचे.”

डोळे भरून आले. वीस वर्षांत शिकवलेलं पहिल्यांदा कुणाच्या उपयोगी पडलं होतं!

“आणि बहीण? नाराज झाल्या असतील ना?”

“न्हाई न्हाई. त्यांच्या पोराला आता आमची धाकटी पोरगी द्यायलोय.”

“दादाराव! तिचं रक्त तपासलं का?”

“न्हाई ओ मॅडम. तपासलं तर हेबी मोडंल की!”