शापाची फरदड

टीव्हीत बर्फ पडत होता. पांढरा, मऊ, निःशब्द. आणि त्याच्या उजेडात कापसाच्या वेचणीनं ओरखडलेली आमची बोटं अधिकच काळी दिसत होती. नाताळचा आठवडा. माझी धाकटी जाऊ चंद्रकला आणि तिची दहावीतली पूजा माझ्याकडे कार्टूनचा सिनेमा बघायला आल्या होत्या. त्या परीकथेचा पहिला सिनेमा आम्हाला पाठ होता: मुलीच्या मायेनं राक्षसाचा शाप सुटतो, राजपुत्र उभा राहतो, गोष्ट संपते. हा त्याचा नाताळातला पुढचा भाग, आणि यात राजपुत्र पुन्हा राक्षस! शाप जसाच्या तसा, वर लाल फिती आणि मेणबत्त्या.

पूजा चिडली. "याचा तं शाप सुटला होता नं?"

"फरदड होय ते, पोरी," चंद्रकला म्हणाली. "झाड उभंच हाये, तं पाणी सोडून द्या."

किती नेमका शब्द! हंगाम सरला की पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटून वावर मोकळं करायचं असतं. ते न करता, पाणी देऊन त्याच थकल्या झाडाकडून आणखी एक बहर उकळायचा, ती फरदड. नवं बियाणं नको, नांगरट नको. फक्त त्या उरल्यासुरल्या बोंडांत गुलाबी अळी पोसते आणि पुढच्या साली सगळ्या शिवाराला लागते. या बीटी बियाण्याला बोंडअळी शिवणारसुद्धा नाही, असं सांगून ते आम्हाला विकलं होतं. आम्हीही मानलं. एकदा सुटलेला शाप परत येतो, हे परीकथा ऐकणाऱ्याला कोण सांगतं?

मी हसले, आणि चंद्रकलेला म्हटलं, मग तुझीही पऱ्हाटी उपट. आमची वावरं धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून. पण तिच्या घरात पूजाच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती, आणि तिला पोरीला मलकापूरला अकरावीत घालायचं होतं. पदरी फरदडीचे चार पैसे असतील तरच तिच्या 'नाही'ला घरात वजन येणार होतं.

"तुमाले अळी दिसते, बाई. मले मायी पोरगी दिसते."

मी त्याच आठवड्यात माझं वावर साफ केलं. तिची फरदड निघाली. पूजा मलकापूरला गेली.

पुढच्या हंगामात माझी बोंडं फुटेनात. नखानं सोलावं तर आत अळी, आणि न फुलता घट्ट चिकटलेल्या कापसाची पिवळी कवडी. तिच्या वावरात तेच, पलीकडेही तेच. मी बरोबर होते, हे सांगू कुणाला? वसतिगृहात रसायनशास्त्र वाचत बसलेल्या पोरीला? शहाणपणाचं एक वाईट असतं. ते खरं ठरतं तेव्हा त्याचा कुणालाच उपयोग नसतो, आपल्याला तर नाहीच.

उशिरा झाडांनी पुन्हा पात्या, फुलांच्या कळ्या, धरल्या. घरात यायला आता तेवढाच कापूस उरला होता. पऱ्हाटी उपटायला मी बाया सांगून ठेवल्या होत्या. काल सकाळी त्यांना परत पाठवलं आणि दांडात पाणी सोडलं. चंद्रकला धुऱ्यावर उभी राहून बघत होती. टोमणा मारायचा तिला पुरता हक्क होता. तिनं पदर खोचला, माझ्या हातातलं फावडं घेतलं आणि पाणी पुढच्या सरीत वळवून दिलं.