समोरच्याची बाजू

महाळुंग्याला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसतो. क्वालिटी खात्यात आहे एवढं ठाऊक. नाव मी कधी विचारलं नाही. चिखलीला चढला की डबा मांडीवर ठेवतो आणि मोबाईलवर भांडायला लागतो. विषय एकच, सध्या वादात असलेला एक पंथ. हा त्याच्या विरोधात. ‘आधी त्यांचा ग्रंथ वाचा’, ‘सगळे तसे नसतात, पण’, ‘तेव्हा कुठे होता?’ ही वाक्यं त्याला लिहावीही लागत नाहीत. एक अक्षर दाबलं की फोन पुढचं सगळं स्वतःच लिहितो.

एकदा ड्रायव्हरनं सहज विचारलं, “भाऊ, काल दिसला न्हाई?”

मान वर न करता हा म्हणाला, “तेव्हा तुम्ही कुठे होता?”

सगळी बस हसली. तो हसला नाही.

परवा माझी नजर त्याच्या स्क्रीनवर गेली. पंथाची बाजू घेऊन त्याच्याशी भांडणारा जो कुणी होता, त्याची उत्तरंही हाच लिहीत होता, दुसऱ्या खात्यावरून.

“हे काय, राव?”

“समोरचा दिवाळीपासून गप्प झालाय,” हा शांतपणे म्हणाला. “पण त्याचं सगळं पाठ आहे मला.”

“मग जिंकतं कोण?”

त्याचा अंगठा थांबला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“तोच, राव. हल्ली मी माझं लिहायच्या आतच डोक्यात त्याचं उत्तर आलेलं असतं.”